कुरडयांच्या मागे दिसणारं जहाज

पत्र

ताई, मी माझगावला राहते. वय ३४, दोन मुलं. मिस्टर एका कंत्राटदाराकडे फिटर आहेत, काम नौदलाच्या गोदीत. मी उन्हाळ्यात कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगी मिरची करून विकते. मार्चमध्ये फेसबुकवरच्या वाळवणाच्या ग्रुपमध्ये एका बाईंशी ओळख झाली. मूळच्या साताऱ्याच्या, आता दुबईला असतात म्हणाल्या. मी त्यांना ताई म्हणायचे. त्यांनी ऑर्डर दिली, पैसे जास्तच पाठवले. रोज गच्चीवरचे फोटो मागायच्या, म्हणायच्या, माहेर दिसल्यासारखं वाटतं. जूनमध्ये त्यांना भारतातला नंबर हवा होता म्हणून मी माझ्या दुसऱ्या सिमवर आलेला ओटीपी दिला. मग दिराला गोदीत काम हवंय म्हणून मिस्टरांच्या गेट पासचा फोटो मागितला. तोही दिला. नंतर त्या जहाजांबद्दलच विचारायला लागल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी नाही म्हटलं तर उत्तर आलं, 'अकरा हजार तुझ्या खात्यात आलेत, नंबर तुझा, पास तुझ्या नवऱ्याचा. कुणाला बोललीस तर तूच आत जाशील.' चार दिवस झाले, मी जेवलेली नाही. सगळं डिलीट करून सिम मोडून टाकू का? मिस्टरांना कसं सांगू? मला तुरुंगात टाकतील का? आणि ताई, त्या खरंच कुणी नव्हत्या का हो?
— एक गृहिणी

उत्तर

हे उत्तर छापून येईपर्यंत थांबावं अशी ही बाब नव्हती, म्हणून तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुला लिहून पाठवलं. तेच आता तुझ्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून आणि तुझं पत्र आटोपशीर करून, इथे देते आहे.

आधी सगळ्यात निकडीचं. काहीही डिलीट करू नकोस. सिम मोडू नकोस, फोन फॉरमॅट करू नकोस, त्या नंबरला ब्लॉकही करू नकोस. उत्तर मात्र एका अक्षराचं देऊ नकोस. चॅट उघडून वर नावावर बोट ठेव आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू आहेत का ते बघ. ती सोय समोरच्या माणसालाही चालू करता येते आणि मग त्यानंतर आलेले-गेलेले मेसेज ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप निघून जातात. म्हणून घरातल्या दुसऱ्या फोनने तुझ्या स्क्रीनचे फोटो आजच काढ, पहिल्या मेसेजपासून शेवटच्यापर्यंत, तारखा दिसतील असे. गॅलरीतले गच्चीचे मूळ फोटो जसेच्या तसे राहू देत. बँकेचं पासबुक भरून आण. अकरा हजारांतले जे उरले असतील त्यांना हात लावू नकोस, आणि 'पैसे परत कर' म्हणून कुणी दुसरा खाते क्रमांक दिला तर त्यावर एक रुपयाही पाठवू नकोस.

याचं कारण नीट समजून घे. आपल्याकडे १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट अजूनही लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये हेरगिरीची व्याख्या आहे आणि नौदलाशी संबंधित बाबींत शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. हा आकडा मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तो तुला कुठून तरी कळणारच आहे, तर माझ्याकडून कळावा. त्याच कलमात हेही आहे की कृत्य देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक अशा हेतूने केलेलं असावं लागतं. तुझा हेतू कुरडया विकण्याचा होता. पण तो दिसणार कुठे? त्याच चॅटमध्ये. परदेशी हस्तकाशी संपर्क असणं हे या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे पुरावा म्हणून वापरता येतं, आणि आपल्याला काही माहीत नव्हतं हे दाखवायची वेळ तुझ्यावर येऊ शकते. तू त्या बाईला विचारलेले भाबडे प्रश्न, किलोचा भाव, 'ताई, भावजयीकडे पार्सल पोचलं का' हे सगळं तुझ्या बाजूने बोलणारं आहे. ते पुसलंस तर उरेल काय? तुझ्या नावावरचा नंबर, खात्यात आलेले पैसे आणि गेट पासचा फोटो. शिवाय पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहेच.

तू चॅटची पानं जोडली होतीस, ती मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा आला. पहिले पंधरा दिवस नुसत्या गप्पा आहेत. गव्हाचा चीक किती आंबवायचा, सोऱ्याची कुठली जाळी, कावळे येऊ नयेत म्हणून काय करतेस. मग हा मेसेज: 'मस्त पांढऱ्याशुभ्र झाल्यात गं. मागे ते राखाडी काय दिसतंय? जहाज का? अय्या, केवढं मोठं!' तू हसून लिहिलंस, हो, आमच्याकडे गच्चीवरून गोदी दिसते. दोन दिवसांनी: 'रोज सकाळी वाळत घातलंस की फोटो टाकत जा. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव, क्लिअर येतो.' हे वाक्य तुला साधं वाटलं. मलाही वाटलं असतं. पण एरवी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोचा आकार कमी होतो आणि त्याच्यासोबतची माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तो मूळ आकारात जातो, आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर कुठे आणि किती वाजून किती मिनिटांनी काढला हेही त्याच्यासोबत जातं. एकोणीस सकाळी तू तेच केलंस. जुन्या साडीवर पसरलेल्या कुरडया, कोपऱ्यात काठी घेऊन बसलेला तुझा धाकटा, आणि त्याच्या डोक्यावरून दिसणारी गोदी. अठराव्या दिवशीचा मेसेज तर मला झोपू देईना: 'आज ते राखाडी नाहीये वाटतं मागे?'

तू पत्रात लिहिलंस की जे शंभर गच्च्यांवरून दिसतं त्यात कसलं गुपित. तुझं म्हणणं अगदी चुकीचं नाही. एका फोटोत काही नसतं. पण कुठलं जहाज कोणत्या दिवशी धक्क्याला होतं, कधी हललं, किती दिवसांनी परतलं अशी रोजची नोंद कुणी ठेवायला लागलं की त्या नोंदीला किंमत येते. हेरगिरी म्हटलं की आपल्याला तिजोरीतले नकाशे आठवतात. प्रत्यक्षात बरंचसं काम असं कणाकणाने चालतं, आणि ते कण ज्यांच्याकडे असतात त्यांना त्यांची किंमत ठाऊक नसते. मे संपला, पाऊस आला, गच्ची बंद झाली. फोटो थांबले तसा ओटीपी मागितला, आणि मग पास. क्रम बघ. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा बोटभरच उंच होती.

म्हणून स्वतःला मूर्ख म्हणणं थांबव. पत्रात हा शब्द तू पाच वेळा लिहिला आहेस. २०१९ च्या डिसेंबरमध्ये नौदलाला आपल्या तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद करावं लागलं, कारण समाजमाध्यमांवरच्या खोट्या मैत्रिणींना माहिती दिल्याच्या आरोपावरून खलाशी पकडले गेले होते. वर्दीतली, प्रशिक्षण घेतलेली माणसं होती ती. २०२३ च्या डिसेंबरमध्ये इथल्याच गोदीतल्या एका शिकाऊ तरुणाला दहशतवादविरोधी पथकाने (एटीएसने) अशाच आरोपाखाली अटक केली. तो चोवीस वर्षांचाही नव्हता. समोरची माणसं हे काम पगार घेऊन, रोज, दहा जणांवर एकाच वेळी करतात. कुणाला प्रेमाची भूक आहे, कुणाला पैशाची, कुणाला कौतुकाची, हे ती चाचपून बघतात. तुझ्या कुरडयांचं आजवर घरात कुणी इतकं कौतुक केलं नव्हतं, हे तूच एका मेसेजमध्ये त्यांना लिहिलं होतंस.

आता नवऱ्याला सांगणं. आज रात्रीच सांग. मुलं झोपल्यावर, टीव्ही बंद करून, हे पत्र मला लिहिलंस तसंच सगळं त्यांच्यापुढे ठेव. पासचा फोटो ते आंघोळीला गेले असताना काढला होता, हेही सांग. ते चिडतील, आवाज चढेल. त्या रात्री तुला एकटीला घाबरायला होणार असेल तर सासूबाईंना किंवा तुझ्या भावाला घरी बोलावून घे. पण त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून, गेटवर अडवल्यावर कळलं तर ते संशयित ठरतील आणि त्यांना स्वतःच्या बाजूने सांगायला काहीही नसेल. तुझ्याकडून कळलं तर ते उद्या सकाळी स्वतः जाऊन गोदीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याला सांगू शकतात की माझ्या पासचा फोटो बाहेर गेला आहे, पास रद्द करा. त्यांचं काम टिकेल असं वचन मी देऊ शकत नाही. कदाचित काही दिवस घरी बसवतील, कदाचित कंत्राटदार हात वर करेल. तरी लपवून ठेवलेल्या गोष्टीपेक्षा स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीचा मार कमी बसतो, हे मी या सदरात आलेल्या कितीतरी पत्रांवरून सांगते. आणि एक लक्षात घे. त्या बाईच्या धमकीत एकच हत्यार आहे, तुझं गप्प बसणं. 'कुणाला बोललीस तर' असं म्हटल्यापासूनच्या या चार दिवसांतच ती पुढची मागणी तयार करत असेल. नवऱ्याला कळलं की त्या हत्याराची निम्मी धार गेली, आणि पोलिसांना कळलं की सगळी.

पोलिसांकडे जा, पण वकील सोबत घेऊन जा. तू तक्रार करायला जाते आहेस, तरी तुझ्यावरच गुन्हा दाखल होण्याची शक्यता आहे, आणि ती नाही असं मी खोटं सांगणार नाही. वकिलाला द्यायला पैसे नाहीत असं लिहिलंस. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या नंबरवर फोन कर, मुंबईत कुठे जायचं ते सांगतील. वकिलाला आधी सगळं दाखव, तारीखवार कागद कर, आणि मग दोघी किंवा तिघं मिळून तुमच्या पोलीस ठाण्यात सीनियर इन्स्पेक्टरना भेटा. टेबलावरच्या हवालदाराला सगळी कहाणी सांगत बसू नकोस, 'संरक्षणाशी संबंधित बाब आहे, साहेबांनाच सांगायचं आहे' एवढंच म्हण. अशी प्रकरणं राज्यात दहशतवादविरोधी पथक, म्हणजे एटीएस बघतं. ठाण्यातून त्यांना कळवलं जाईल. तुमची चौकशी एकदा नाही, चार वेळा होईल, तेच तेच विचारतील. चिडू नकोस, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नकोस.

तुझे काही हक्क पाठ करून ठेव. नुसती साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर स्त्रीला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, तिच्या घरी येऊन घ्यावा लागतो. अटक करायचीच झाली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची असेल तर महिला अधिकारीच लागते आणि तिने न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे, आधीच्या कायद्यातही होतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणी भाग पाडू शकत नाही, हे तर घटनेत आहे. मी वकील नाही. म्हणून हे सगळं वकिलाकडून पुन्हा तपासून घे. तू मला ताई म्हटलंस, तिलाही ताईच म्हणत होतीस. फोनच्या पलीकडच्या ताईवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, त्यात मीही आले.

ओटीपीचं थोडक्यात. तुझ्या दुसऱ्या नंबरवर कुणीतरी व्हॉट्सॲप चालवतं आहे, आणि त्यावरून आणखी कुणाशी बोलणं चाललं असेल तर ते तुझ्या नावावर चाललं आहे. म्हणून वेळ काढू नकोस, उद्याच जा. तो नंबर आपल्या फोनवर परत चालू करून त्यांना बाहेर काढायचा मोह होईल. पोलिसांना विचारल्याशिवाय ते करू नकोस, त्यांना आधी तिथून माग काढायचा असेल. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, तेवढं आज बघून घे. ओळखीचं नसलेलं सिम दिसलं तर तेही कागदावर लिही.

आणखी एका गोष्टीला मी फार घाबरते. येत्या काही दिवसांत तुला कदाचित व्हिडिओ कॉल येईल. खाकी कपडे, मागे अशोकस्तंभाचं चित्र, 'आम्ही सीबीआयमधून बोलतोय, तुमचं प्रकरण आमच्याकडे आलंय, फोन बंद करू नका, कुणाला सांगू नका, मिटवायचं असेल तर इतके भरा.' डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. असा फोन आला तर ठेवून दे आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळव. आणि कुणी फोनवर म्हणालं की आम्ही आपल्याच गुप्तचर खात्याचे, तुम्ही त्या बाईशी बोलत राहा, आम्हाला मदत करा, तर तेही ऐकू नकोस. तपास अधिकाऱ्याने ठाण्यात, तुझ्या वकिलासमोर सांगितलं तर गोष्ट वेगळी. तू हुशार आहेस, धीटही आहेस, म्हणूनच सांगते, गुप्तहेर व्हायला जाऊ नकोस.

शेवटी तू विचारलंस की त्या खरंच कुणी नव्हत्या का. मला वाटतं तुला तुरुंगापेक्षा हाच प्रश्न जास्त टोचतो आहे. लंडनच्या रायस्लिप या उपनगरात एक जोडपं राहायचं, पीटर आणि हेलन क्रोगर. जुन्या पुस्तकांचा व्यवसाय. हेलन मोठ्या मनाची, गल्लीत सगळ्यांची लाडकी. समोरच्या घरातल्या गृहिणीशी तिची खास मैत्री. १९६० च्या अखेरीस ब्रिटिश गुप्तचर खात्याची माणसं त्या गृहिणीच्या दारात आली आणि तुमच्या वरच्या खोलीच्या खिडकीतून आम्हाला रस्त्यावर नजर ठेवायची आहे म्हणाली. दोनेक महिने ती बाई मैत्रिणीशी हसत बोलत राहिली, आणि माडीवर मैत्रिणीच्याच घरावर पहारा चालू होता. जानेवारी १९६१ मध्ये अटक झाली. क्रोगर हे त्यांचं खरं नावच नव्हतं. ते सोव्हिएत रशियाचे हेर होते, ब्रिटिश नौदलाची गुपितं त्यांच्या घरातून रेडिओने मॉस्कोला जात होती, आणि तो ट्रान्समीटर निघाला स्वयंपाकघराच्या जमिनीखालून. प्रत्येकी २० वर्षांची शिक्षा झाली. आणि त्या समोरच्या गृहिणीने गमावली ती एक मैत्रीण, जी नावानिशी खोटी होती तरी तिच्यासोबत घालवलेल्या दुपारी खोट्या नव्हत्या.

तुझी दुबईची ताई तर तेवढीही खरी नव्हती. तिचा आवाज तू दोनदाच ऐकलास, दोन्ही वेळा वीस सेकंदांचा, तिचा चेहरा कधीच पाहिला नाहीस. कदाचित ती बाईही नसेल. पण तू जे दिलंस ते खरं होतं, आणि त्याचं तुला वाईट वाटणारच. रडू येईल तेव्हा रड. त्याला देशद्रोह म्हणू नकोस. पासचा फोटो पाठवल्यावर तुला रात्रभर झोप आली नाही आणि पुढच्या प्रश्नाला तू स्पष्ट नाही म्हणालीस, ही तारीख आणि ही वेळ चॅटमध्ये आहे. वकिलाला ते पान सगळ्यात आधी दाखव.

उद्या निघताना डबा घेऊन जा, वेळ लागेल. फोन ते ठेवून घेतील, तेव्हा कुठला फोन, कुठलं सिम घेतलं त्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घे. आणि आज रात्रीच आईचा, शाळेच्या व्हॅनवाल्याचा, शेजारच्या काकूंचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटव. धाकट्याला शाळेतून कोण आणणार ते काकूंशी आताच बोलून ठेव.